गरोदरपणातला वाढलेला रक्तदाब: न दुखणारा धोका वेळीच कसा ओळखावा

गरोदरपणात तपासणीला गेल्यावर दर वेळी दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजतात आणि लघवीचा नमुना मागतात. हे इतके नेहमीचे होऊन जाते की अनेक जणींना ते नावापुरते वाटू लागते. "मला काहीच त्रास नाही, मग आज बीपी नाही मोजले तर काय बिघडले?" असे पुष्कळ जणी विचारतात.

त्याचे उत्तर असे आहे की, गरोदरपणात बीपी वाढले तरी सुरुवातीला बहुतेकदा काहीच जाणवत नाही. पुढे जेव्हा जाणवते, तेव्हा ती लक्षणे गरोदरपणातल्या रोजच्या तक्रारींसारखीच दिसतात: अंगावर सूज, डोकेदुखी, पित्त झाल्यासारखे वाटणे. त्यामुळे घरातली अनुभवी माणसेसुद्धा "या दिवसांत असे व्हायचेच" म्हणून ती अंगावर काढायला सांगतात. नेमके इथेच नुकसान होते.

दर १०० गरोदर स्त्रियांपैकी साधारण ५ ते १० जणींना रक्तदाबाचा कुठला ना कुठला त्रास होतो. जगभरात होणाऱ्या दर सहा-सात मातामृत्यूंपैकी एकामागे हे कारण असते. पण यातले बहुतेक मृत्यू टाळता येण्यासारखे असतात. आजार वेळेत सापडला, औषधे नीट घेतली आणि बाळंतपण योग्य ठिकाणी, योग्य वेळी झाले, तर बहुसंख्य आया आणि बाळे सुखरूप घरी जातात. त्यासाठी काय माहीत असायला हवे, ते या लेखात पाहू.

किती रक्तदाब म्हणजे जास्त?

रक्तदाबाचे दोन आकडे असतात. वरचा आकडा हृदय आकुंचन पावतानाचा दाब दाखवतो, खालचा आकडा हृदय सैल पडतानाचा.

• वरचा आकडा १४० किंवा अधिक, अथवा खालचा ९० किंवा अधिक असेल, तर गरोदरपणात तो वाढलेला रक्तदाब समजतात. दोनपैकी एक आकडा वाढलेला असला तरी पुरे. एकदाच जास्त आला म्हणून लगेच निदान करत नाहीत. किमान चार तासांच्या अंतराने पुन्हा मोजून खात्री करतात.

• वरचा आकडा १६० किंवा अधिक, अथवा खालचा ११० किंवा अधिक असेल, तर ती तातडीची परिस्थिती असते. इथे चार तास थांबत नाहीत. पंधरा मिनिटांत पुन्हा मोजतात आणि तेवढाच आला तर लगेच औषध सुरू करतात, कारण एवढ्या दाबाने मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो.

एक गोष्ट लक्षात ठेवा. गरोदरपणाच्या मधल्या महिन्यांत रक्तदाब मुळातच थोडा खाली येतो. ज्यांना आधीपासून बीपी आहे पण कधी मोजलेले नाही, त्यांचे बीपी या काळात अगदी चांगले दिसू शकते. म्हणून पहिली तपासणी तिसरा महिना पुरा होण्याआधी करून घ्या. तेव्हाचा आकडा पुढे तुलनेसाठी फार उपयोगी पडतो.

रक्तदाबाचे प्रकार

तुमच्या कागदपत्रांवर पुढीलपैकी एखादे नाव लिहिलेले दिसेल.

१. आधीपासूनचा उच्च रक्तदाब: गरोदर राहण्यापूर्वी असलेला किंवा २० आठवड्यांच्या आत, म्हणजे साधारण पाचवा महिना सरण्याआधी, सापडलेला.

२. गरोदरपणामुळे आलेला रक्तदाब: २० आठवड्यांनंतर वाढलेला, पण लघवीतून प्रथिने जात नाहीत आणि इतर अवयवांवर परिणाम नाही. हा सौम्य वाटला तरी यातल्या काही जणींना पुढे तिसरा प्रकार होतो. त्यामुळे लक्ष ठेवावेच लागते.

३. प्रीएक्लॅम्प्सिया: २० आठवड्यांनंतर बीपी वाढते आणि त्याबरोबर लघवीतून प्रथिने जातात किंवा मूत्रपिंड, यकृत, रक्तातल्या प्लेटलेट्स, मेंदू, फुप्फुसे यांपैकी कशावर तरी परिणाम दिसतो. लघवीत प्रथिने नसली तरी बाकीच्या खुणांवरून हे निदान होऊ शकते. ज्यांना आधीपासून बीपी आहे, त्यांच्यातल्या साधारण चार-पाच जणींपैकी एकीला यावर हा आजार जडतो.

४. एक्लॅम्प्सिया: प्रीएक्लॅम्प्सिया असलेल्या स्त्रीला फिटसारखे झटके येणे. ही जिवावरची वेळ असते.

प्रीएक्लॅम्प्सियाचाच एक गंभीर प्रकार म्हणजे हेल्प सिंड्रोम. यात रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, यकृताला सूज येते आणि प्लेटलेट्स कमी होतात. यातल्या काही जणींचे बीपी फारसे वाढलेलेही नसते. उजव्या बरगडीखाली दुखणे आणि उलट्या एवढीच तक्रार असू शकते.

हे होते कशामुळे?

हा आजार चिडचिड केल्याने, जास्त काम केल्याने किंवा काहीतरी चुकीचे खाल्ल्याने होत नाही. तेव्हा कुणी सुनेला किंवा तिच्या माहेरच्यांना दोष देण्यात अर्थ नाही.

प्रीएक्लॅम्प्सियाचे मूळ वारेत, म्हणजे प्लॅसेंटात असते. गरोदरपणाच्या पहिल्या काही महिन्यांत वार गर्भाशयाच्या भिंतीत रुजते. त्या वेळी तिथल्या अरुंद रक्तवाहिन्या रुंद आणि सैल व्हायला हव्यात, म्हणजे बाळाला भरपूर रक्त मिळते. काही जणींमध्ये हे रुंद होणे अर्धवट राहते. बाळ लहान असते तोवर चालून जाते. बाळ वाढू लागले की वारेला रक्त कमी पडते आणि तिच्यातून काही द्रव्ये आईच्या रक्तात उतरतात. ही द्रव्ये आईच्या सगळ्या शरीरातल्या रक्तवाहिन्यांचे आतले अस्तर बिघडवतात. रक्तवाहिन्या आवळतात म्हणून बीपी वाढते, त्या झिरपू लागतात म्हणून सूज येते आणि मूत्रपिंडाची गाळणी बिघडते म्हणून प्रथिने लघवीतून जातात.

यावरून दोन गोष्टी कळतात. पहिली, हा फक्त बीपीचा नव्हे तर सगळ्या अंगाचा आजार आहे. दुसरी, गोळ्यांनी बीपी आटोक्यात राहते, पण आजार मुळापासून जायला वार बाहेर पडावी लागते, म्हणजेच बाळंतपण व्हावे लागते.

कोणाला धोका जास्त?

• आधीच्या गरोदरपणात प्रीएक्लॅम्प्सिया झाला असेल तर
• आधीपासून उच्च रक्तदाब, मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर
• ल्युपससारखा स्वतःच्या प्रतिकारशक्तीमुळे होणारा आजार असेल तर
• जुळे किंवा तिळे असेल तर
• पहिलेच गरोदरपण, वय ३५ पेक्षा जास्त, वजन खूप जास्त, किंवा आधीच्या बाळंतपणाला दहा वर्षांहून अधिक काळ झाला असेल तर
• आई किंवा सख्ख्या बहिणीला हा त्रास झाला असेल तर
• आयव्हीएफने गर्भ राहिला असेल तर

पहिल्या तपासणीला ही माहिती डॉक्टरांना आपणहून सांगा. "आईला माझ्या वेळी झटके आले होते" हे वाक्य अनेक घरांत बाळंतपण होऊन गेल्यावर ऐकायला मिळते. ते आधी कळले, तर उपाय करता येतो.

नेहमीच्या तक्रारी आणि धोक्याच्या खुणा: फरक कसा ओळखायचा?

सूज: शेवटच्या महिन्यांत संध्याकाळी पाय थोडे सुजणे आणि रात्रभर झोपल्यावर सूज उतरणे हे बहुतेक जणींना होते. सकाळी उठल्यावर चेहरा आणि डोळ्यांभोवती सूज, अंगठी निघेनाशी होणे, बांगड्या अचानक घट्ट होणे किंवा एका आठवड्यात एक किलोहून जास्त वजन वाढणे ही वेगळी गोष्ट आहे. अशा वेळी त्याच दिवशी बीपी मोजून घ्या. याउलट, सूज अजिबात नसतानाही बीपी धोकादायक असू शकते. त्यामुळे "पाय सुजले नाहीत, म्हणजे सगळे ठीक" असे समजू नका.

डोकेदुखी: जागरणाने किंवा उपाशी राहिल्याने दुखणारे डोके खाऊन-झोपून बरे होते. सतत ठणकणारी, नेहमीच्या पॅरासिटामॉलने न थांबणारी डोकेदुखी मेंदूवर दाब वाढल्याची खूण असू शकते.

नजर: डोळ्यांपुढे काजवे चमकणे, धुरकट दिसणे, काही क्षण अंधारी येणे, एकाचे दोन दिसणे. "अशक्तपणामुळे होत असेल" म्हणून यावर लिंबू-साखरेचे पाणी देऊन थांबू नका.

पोटात दुखणे: सर्वांत जास्त फसगत इथे होते. बरगड्यांच्या खाली, पोटाच्या मध्यभागी किंवा उजवीकडे दुखते, मळमळते, उलट्या होतात. घरचे पित्त समजून थंड दूध किंवा पित्ताची गोळी देतात. २० आठवड्यांनंतर असे दुखणे नव्याने सुरू झाले, तर ते यकृताचे दुखणे असू शकते. पित्त म्हणण्याआधी बीपी मोजा.

याशिवाय पुढील खुणा दिसल्या तर वेळ न घालवता दवाखाना गाठा:

• धाप लागणे, सपाट झोपल्यावर श्वास कोंडल्यासारखा वाटणे
• लघवी खूप कमी होणे
• अंगावरून रक्त जाणे किंवा पोट दगडासारखे कडक होऊन सतत दुखणे
• बाळाची हालचाल कमी होणे किंवा थांबणे
• घरी मोजलेले बीपी १६०/११० किंवा त्याहून जास्त येणे

सकाळची वाट पाहू नका. महाराष्ट्रात १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. गरोदर माता आणि नवजात बाळांना सरकारी दवाखान्यात नेण्या-आणण्यासाठी १०२ ही मोफत सेवा आहे. फोनवर "बाई गरोदर आहे, इतके महिने झालेत, बीपी इतके आहे" हे आधी सांगा.

आई आणि बाळाला काय धोका असतो?

आईला झटके येणे, मेंदूत रक्तस्राव होणे, फुप्फुसात पाणी भरणे, मूत्रपिंड किंवा यकृत निकामी होणे आणि रक्त न गोठणे असे धोके असतात. वार वेळेआधी सुटली तर आईला खूप रक्तस्राव होतो आणि बाळाचा प्राणवायू तुटतो. काही वेळा हे रक्त आतच साठते, बाहेर थोडेच दिसते.

बाळाला वारेतून रक्त कमी मिळाल्याने त्याची वाढ खुंटते, गर्भजल कमी होते. आईला वाचवण्यासाठी बाळंतपण लवकर करावे लागले, तर कमी दिवसांच्या बाळाला श्वासाचा आणि इतर त्रास होतो. म्हणूनच सोनोग्राफीत बाळाची वाढ आणि डॉप्लर तपासणीत नाळेतला रक्तप्रवाह पुन्हा पुन्हा पाहतात. "इतक्या सोनोग्राफी कशाला?" असे वाटले तर हे कारण ध्यानात घ्या.

बीपी नीट कसे मोजावे?

डॉक्टरांनी घरी बीपी मोजायला सांगितले असेल तर:

• दंडावर बांधायचे यंत्र घ्या, मनगटावरचे नको. दंड जाड असेल तर मोठा पट्टा मागून घ्या. लहान पट्ट्याने आकडा खोटा वाढलेला येतो.
• यंत्र घेतल्यावर एकदा दवाखान्यात नेऊन तिथल्या आकड्याशी पडताळून पाहा. काही यंत्रे प्रीएक्लॅम्प्सियात खरे बीपी कमी दाखवतात.
• मोजण्याआधी अर्धा तास चहा-कॉफी नको. लघवी करून या.
• पाठीला आधार घेऊन खुर्चीत बसा, पाय जमिनीवर सपाट ठेवा. पाच मिनिटे शांत बसल्यावर मोजा. मोजताना बोलू नका.
• हात टेबलावर असा ठेवा की पट्टा छातीच्या उंचीला येईल.
• तारीख, वेळ आणि दोन्ही आकडे वहीत लिहा. चांगला आलेला आकडाच लिहायचा, असे करू नका.

उपचार कसे करतात?

बीपीच्या गोळ्या: गरोदरपणात लॅबेटॅलॉल, निफेडिपिन आणि मिथाइलडोपा ही औषधे अनेक वर्षांपासून वापरात आहेत आणि बाळाच्या दृष्टीने सुरक्षित मानली जातात. रक्तदाब १४०/९० च्या खाली ठेवायचा असतो, पण फार खालीही आणायचा नसतो, कारण वारेला रक्त पुरले पाहिजे. आधीपासून सौम्य बीपी असलेल्या गरोदर स्त्रियांवर अमेरिकेत मोठा अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष २०२२ मध्ये आले. त्यात औषध देऊन बीपी १४०/९० च्या खाली ठेवलेल्या स्त्रियांना गंभीर त्रास कमी झाला आणि औषधामुळे बाळे लहान राहिली नाहीत. तेव्हा "गोळ्यांनी बाळाला काही होईल" या भीतीने गोळी चुकवू नका. न घेतलेल्या गोळीचा धोका जास्त असतो.

मात्र काही गोळ्या गरोदरपणात चालत नाहीत. टेल्मिसार्टन, लोसार्टन, एनालाप्रिल, रॅमिप्रिल ही औषधे बाळाच्या मूत्रपिंडाला इजा करू शकतात. तुम्हाला आधीपासून बीपी असेल, तर मूल होऊ देण्याचे ठरवतानाच डॉक्टरांकडून गोळी बदलून घ्या. अचानक गर्भ राहिल्याचे कळले, तर त्याच दिवशी विचारा. गोळी एकदम बंद करून घरी बसू नका.

मॅग्नेशियमचे इंजेक्शन: प्रीएक्लॅम्प्सिया गंभीर असेल किंवा झटके आले असतील, तर मॅग्नेशियम सल्फेट देतात. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अनेक देशांत केलेल्या मोठ्या अभ्यासात या औषधाने झटके येण्याचे प्रमाण निम्म्यावर आल्याचे दिसले. औषध जुने आहे, स्वस्त आहे आणि प्राथमिक आरोग्य केंद्रातही पहिला डोस देता येतो. इंजेक्शन देताना अंग गरम झाल्यासारखे वाटते, कमरेत दिलेली सुई दुखते. त्यानंतर नर्स वारंवार श्वास, लघवी आणि गुडघ्याची हालचाल तपासतात. औषध शरीरात जास्त साठत नाही ना, हे पाहण्यासाठी ते असते. पुढच्या दवाखान्यात पाठवताना "आधी डोस द्या, मग निघू" असे डॉक्टर म्हणाले, तर घाई करू नका. त्या डोसामुळे वाटेत झटका येण्याचा धोका कमी होतो.

बाळंतपण कधी करायचे? हा सर्वांत अवघड निर्णय असतो. साधारणपणे सौम्य प्रीएक्लॅम्प्सियात ३७ आठवडे पूर्ण झाले की बाळंतपण करतात. गंभीर असेल तर ३४ आठवड्यांनंतर थांबत नाहीत. त्याआधीच आईची किंवा बाळाची तब्येत ढासळू लागली, तर त्याही आधी निर्णय घ्यावा लागतो. अशा वेळी बाळाच्या फुप्फुसांची तयारी व्हावी म्हणून आईला स्टिरॉइडची इंजेक्शने देतात. नातेवाइकांना वाटते, "अजून दोन आठवडे पोटात राहू दिले तर बाळ भरेल." पण वार नीट काम करत नसेल, तर पोटातले दोन आठवडे बाळालाही लाभत नाहीत आणि आईचा जीव टांगणीला लागतो. हा निर्णय शांतपणे समजून घ्या, प्रश्न विचारा, पण तो लांबणीवर टाकू नका.

झटका आला तर घरी काय करायचे?

• तिला डाव्या कुशीवर वळवा, म्हणजे लाळ किंवा उलटी श्वासनलिकेत जाणार नाही.
• आजूबाजूच्या लागणाऱ्या वस्तू दूर करा. हातपाय दाबून धरू नका.
• तोंडात चमचा, बोटे, पाणी, औषध काहीही घालू नका. कांदा किंवा चप्पल हुंगवण्यात वेळ दवडू नका.
• ताबडतोब १०८ ला फोन करा. झटका थांबला, ती बोलू लागली, तरी दवाखान्यात न्यायचेच.

पूर्वी कधी फिट न आलेल्या स्त्रीला २० आठवड्यांनंतर झटका आला, तर दुसरे कारण सिद्ध होईपर्यंत तो एक्लॅम्प्सियाच समजायचा. त्याला बाहेरची बाधा समजून घालवलेला तास परत मिळत नाही.

हा आजार टाळता येतो का?

पूर्णपणे नाही, पण धोका कमी करता येतो.

ॲस्पिरिन: धोका जास्त असलेल्या स्त्रियांना तिसऱ्या-चौथ्या महिन्यात, शक्यतो १६ आठवड्यांच्या आत, रोज कमी मात्रेची ॲस्पिरिनची गोळी सुरू करतात आणि साधारण ३६ आठवड्यांपर्यंत देतात. युरोपात झालेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, जास्त धोका असलेल्या स्त्रियांना रोज रात्री १५० मिलिग्रॅम ॲस्पिरिन दिल्यावर ३७ आठवड्यांच्या आत होणारा प्रीएक्लॅम्प्सिया निम्म्याहून कमी झाला. उशिरा सुरू केली तर फायदा घटतो. म्हणूनही पहिली तपासणी लवकर हवी. ही गोळी प्रत्येकीसाठी नाही. डॉक्टरांना विचारूनच घ्या.

कॅल्शियम: ज्यांच्या जेवणात दूध, दही, नाचणी, तीळ कमी असते, त्यांना कॅल्शियमचा विशेष फायदा होतो. आपल्याकडे सरकारी दवाखान्यात १४ आठवड्यांनंतर ५०० मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या रोज घ्यायला देतात आणि बाळंतपणानंतर सहा महिने चालू ठेवायला सांगतात. लोहाची आणि कॅल्शियमची गोळी एका वेळी घेऊ नका. दोन्हींत किमान दोन तासांचे अंतर ठेवा.

नियमित तपासणी: सातवा महिना संपेपर्यंत महिन्यातून एकदा, मग पंधरा दिवसांनी आणि शेवटच्या महिन्यात दर आठवड्याला. बीपी असेल तर याहूनही जास्त वेळा. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर स्त्रियांची तपासणी मोफत होते.

माहेरी किंवा दुसऱ्या गावी जाताना

आपल्याकडे पहिल्या बाळंतपणासाठी सातव्या महिन्यानंतर माहेरी जायची रीत आहे. प्रीएक्लॅम्प्सिया वाढण्याचा काळही साधारण हाच. जुने डॉक्टर सुटलेले असतात, नव्यांकडे नाव घातलेले नसते, मध्ये महिनाभर बीपी कुणी मोजत नाही. ऊसतोडीला किंवा बांधकामावर गाव सोडून जाणाऱ्या कुटुंबांतही हेच घडते. म्हणून:

• निघण्याआधी बीपी आणि लघवी तपासून घ्या.
• माता-बाल संरक्षण कार्ड, रक्ताचे अहवाल, सोनोग्राफीचे कागद आणि चालू गोळ्यांची चिठ्ठी सोबत घ्या. सगळ्यांचे मोबाइलवर फोटोही काढून ठेवा.
• पोहोचल्यावर आठवड्याच्या आत तिथल्या दवाखान्यात नाव घाला. गावात आशाताईंना किंवा नर्सताईंना कळवा.
• बीपी असल्यास बाळंतपण कुठे करायचे ते आधीच ठरवा. जिथे रात्री ऑपरेशन होते, रक्त मिळते आणि लहान बाळासाठी अतिदक्षता विभाग आहे, असे ठिकाण निवडा.

बाळंतपण झाले म्हणजे संपले का?

नाही. बाळ झाल्यावर सगळ्यांचे लक्ष बाळाकडे वळते आणि आईचे बीपी मोजायचे राहून जाते. प्रत्यक्षात बाळंतपणानंतर तिसऱ्या ते सहाव्या दिवसापर्यंत बीपी पुन्हा वाढू शकते. तोवर बहुतेक जणी घरी आलेल्या असतात. झटके बाळंतपणानंतरही येऊ शकतात, बहुधा पहिल्या ४८ तासांत, पण क्वचित काही आठवड्यांनीही.

बाळंतिणीचे डोके दुखू लागले की "वारे लागले" म्हणून कान बांधतात आणि शेक देतात. कान जरूर बांधा, पण बीपीही मोजा. गरोदरपणात बीपी होते किंवा नव्हते, तरीही.

दवाखान्यातून घरी जाताना तीन गोष्टी विचारून घ्या: बीपीची गोळी किती दिवस घ्यायची, पुन्हा कधी दाखवायचे आणि कोणत्या आकड्याला लगेच यायचे. पहिल्या आठवड्यात, दहा दिवसांच्या सुमारास आणि सहा आठवड्यांनी तपासणी हवीच. बारा आठवड्यांनंतरही बीपी जास्त राहिले, तर तो कायमचा रक्तदाब समजून उपचार चालू ठेवतात.

पाळणा लांबवण्यासाठी बीपी वाढलेले असताना नेहमीच्या गर्भनिरोधक गोळ्या चालत नाहीत. तांबी चालते. डॉक्टरांशी बोलून ठरवा.

प्रीएक्लॅम्प्सिया होऊन गेलेल्या स्त्रीला पुढच्या आयुष्यात हृदयविकार आणि पक्षाघाताचा धोका इतर स्त्रियांच्या साधारण दुप्पट असतो. यासाठी घाबरून जायचे कारण नाही, पण वर्षातून एकदा बीपी, साखर आणि वजन पाहायचे. वयाच्या चाळिशीत डॉक्टरांना दाखवायला गेलात तरी "गरोदरपणात मला बीपी झाले होते" हे सांगायचे.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मीठ पूर्ण बंद करावे का?
नाही. अळणी जेवणाने प्रीएक्लॅम्प्सिया टळत नाही आणि अन्नच जात नाही. घरच्या जेवणात बेताचे मीठ ठेवा. लोणचे, पापड, फरसाण, वेफर्स कमी करा.

दिवसभर झोपून राहावे का?
नाही. सतत पडून राहिल्याने आजार थांबत नाही. उलट पायातल्या शिरांत रक्ताच्या गाठी होण्याचा धोका वाढतो. जड कामे टाळा, दुपारी विश्रांती घ्या, घरातल्या घरात हिंडत-फिरत राहा. आडवे होताना कुशीवर झोपा.

सिझेरियनच करावे लागेल का?
तसे नाही. आई आणि बाळाची स्थिती ठीक असेल, तर कळा सुरू करण्याचे औषध देऊन नैसर्गिक बाळंतपण होऊ शकते. आईची किंवा बाळाची तब्येत झपाट्याने बिघडत असेल, तर सिझेरियन करावे लागते.

बीपीच्या गोळ्या घेताना अंगावर पाजता येते का?
हो. बाळंतपणानंतर दिली जाणारी नेहमीची औषधे दूध पाजताना चालतात. गोळी तुम्हाला अंगावर पाजणे चालू आहे हे सांगून लिहून घ्या.

पुढच्या वेळी पुन्हा होईल का?
साधारण सहापैकी एकीला पुन्हा होतो. पहिल्या वेळी खूप लवकर आणि गंभीर झाला असेल, तर शक्यता जास्त असते. म्हणजेच बहुतेक जणींचे पुढचे गरोदरपण ठीक जाते. पुढच्या वेळी मात्र गर्भ राहिल्याचे कळताच डॉक्टरांना भेटा, म्हणजे ॲस्पिरिन वेळेत सुरू करता येईल.

घरच्यांसाठी शेवटी एवढेच

घरात कोणी गरोदर असेल, तर "बरे वाटते का?" या प्रश्नाबरोबर "शेवटचे बीपी किती होते आणि कधी मोजले?" हेही विचारा. उत्तर येत नसेल, किंवा मोजून महिना उलटला असेल, तर आजच मोजून घ्या. जवळच्या उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात ते मोफत मोजून मिळते आणि त्याला पाच-दहा मिनिटांहून जास्त वेळ लागत नाही.

हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. औषधे सुरू करणे, बदलणे किंवा थांबवणे तुमच्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच करा.